डॉक्टर कोटणिसांच्या वाटेवरचीं चिनी शहरें

आमच्या कुडाळास वैशाख सरत आला, कीं घरोघर बरण्या धुऊन उन्हांत मांडण्याची गडबड उडते. कैरीचें लोणचें, मिठांतले आंबे, आमसुलें, सारें कांहीं चिनीमातीच्या बरणींत जावयाचें. पितळेस आंबट सोसत नाहीं, आणि कांचेवर आमच्या घरच्या वडीलधाऱ्या बायकांचा विश्वास नाहीं. त्या बरणीच्या नांवांतच चीन आहे. उत्तरेकडे साखरेला 'चीनी' म्हणतात, तेंही त्याच देशाचें नांव. आमच्या जिल्ह्यांत तांबड्या मातीखालीं कांहीं ठिकाणीं ती पांढरी माती सांपडते. तिला शास्त्रज्ञ 'केओलिन' म्हणतात, आणि हा शब्द चीनमधील काओलिंग नांवाच्या टेकडीवरून आला आहे. असा हा देश आपल्या माजघरापर्यंत येऊन बसलेला; पण त्यांतलीं चार शहरें सांगा म्हटलें, तर पेकिंग आणि शांघाय यांपुढें बहुतेकांची मजल जात नाहीं. वस्तूंवरून ओळख झाली, गांवांवरून झाली नाहीं.

माझें असें मत आहे, कीं परक्या मुलखांतलें शहर नुसत्या नकाशावरून कळत नाहीं. तेथून गेलेला आपल्यापैकीं कोणी माणूस असला, म्हणजे त्याच्या पावलांमागून तें कळूं लागतें. चीनच्या बाबतींत असा एक माणूस मराठी मुलखाला लाभला आहे. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांचें नांव आपणांपैकीं बहुतेकांनीं ऐकलें असेल, निदान व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट तरी घरांतल्या कोणीं पाहिलेला असेल. चित्रपटांत माणूस दिसतो. त्याच्या वाटेवरचीं शहरें मात्र देखाव्यांत हरवून जातात. कांहीं वर्षांपूर्वीं मी रजा साठवून, जमेल तेथें आगगाडीनें, त्याच वाटेनें जाऊन आलों. आज तीं शहरें आपणांस त्या क्रमानें सांगावयाचीं आहेत.

जुलै १९३७ मध्यें जपाननें चीनवर पूर्ण शक्तीनिशीं चढाई केली. चिनी सेनापति चू तेह यांनीं पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली, आणि पुढच्या वर्षीं काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषबाबूंच्या आवाहनावरून वर्गणी जमून पांच डॉक्टरांचें एक पथक सिद्ध झालें. अलाहाबादचे डॉ. अटल त्याचे प्रमुख. स्पेनच्या यादवी युद्धांत काम केल्याचा अनुभव त्यांच्या गांठीं होता. नागपूरचे डॉ. चोळकर वयानें सर्वांत वडील. डॉ. बसु आणि डॉ. मुखर्जी हे कलकत्त्याचे. पांचवे सोलापूरचे कोटणीस. त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, म्हणजे अठ्ठावीस वर्षें अद्याप पुरीं व्हावयाचीं होतीं. मुंबईस वैद्यकीची पदवी घेऊन पुढील अभ्यास चालू होता, तो बाजूस सारून हा तरुण १ सप्टेंबर १९३८ रोजीं मुंबईच्या धक्क्यावरून 'राजपुताना' बोटीवर चढला.

१७ सप्टेंबरला पथक कॅन्टनला पोंचलें. आज या शहराला ग्वांगझौ म्हणतात. तेथें त्यांचें स्वागत डॉ. सुन्-यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनीं केलें. कॅन्टन हें मोती नदीच्या मुखाजवळचें बंदर. कर्कवृत्त शहराच्या थोडें उत्तरेकडून जातें. त्यामुळें हवा ओलसर, भोंवतालीं भात, केळीं, लिचीचे बाग, आणि रस्त्यांच्या कडेला आपल्या वडाच्या जातीचीं, पारंब्या सोडलेलीं झाडें. मी उतरलों त्या दिवशीं आभाळ भरून आलें होतें आणि पाऊस पडत नव्हता. अंगाला सदरा चिकटूं लागला, तेव्हां मला परदेशी आल्यासारखें वाटेना. मृगापूर्वींचें कुडाळ असेंच असतें.

परंतु मुंबईकरानें या शहराकडे पाहावयाचें तें दुसऱ्याच एका नजरेनें. १७५७ पासून १८४२ पर्यंत युरोपीय व्यापाऱ्यांना चीनमध्यें व्यापारासाठीं हें एकच बंदर मोकळें होतें. चहा आणि रेशीम त्यांना हवें होतें. बदल्यांत देण्यासारखें त्यांच्यापाशीं रुप्याखेरीज फारसें कांहीं नव्हतें. ती तूट हिंदुस्थानच्या कापसानें आणि अफूनें भरून काढली. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरांतून जहाजांवर चढे आणि कॅन्टनच्या खाडींत चोरून उतरे. या व्यापारांत इंग्रजांबरोबर मुंबईचे देशी व्यापारीही होते. जमशेटजी जिजीभाई तर स्वतः चीनच्या अनेक सफरी करून आले होते. १८३९ सालीं लिन् त्से-शू नांवाच्या करारी अधिकाऱ्यानें वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त केली आणि हूमेन येथें चर खणून, मीठ व चुना घालून ती नासून टाकली. त्यावरून युद्ध पेटलें. चीन हरला. १८४२ च्या नानकिंगच्या तहानें हाँगकाँग इंग्रजांना मिळालें, आणि कॅन्टन व शांघाय धरून पांच बंदरें परकीयांना उघडीं झालीं. ज्या शांघायच्या भव्य इमारतींचीं चित्रें आपण कौतुकानें पाहतों, त्यांचा पाया या तहांत आहे.

जमशेटजींनीं मुंबईला रुग्णालय दिलें. १८४५ सालीं तें उघडलें आणि आजतागायत गोरगरिबांच्या उपयोगीं पडत आहे. त्या दानाला नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. पण कॅन्टनच्या धक्क्यावर उभें राहिलें, म्हणजे त्या पैशाचें दुसरें टोक दिसतें, आणि तें पाहिल्याशिवाय परत येणें मला तरी बरें वाटलें नाहीं. मुंबईच्या ज्या बंदरांतून ती अफू गेली, त्याच बंदरांतून पुढें पांच डॉक्टर औषधांच्या पेट्या घेऊन गेले.

कॅन्टनमध्यें शामीन नांवाचें एक लहानसें बेट आहे. युद्धानंतर इंग्रज आणि फ्रेंच यांनीं तें आपल्या वसाहतीसाठीं घेतलें होतें. तेथले जुने बंगले अजून उभे आहेत. झाडांची सांवली दाट आहे. सकाळीं म्हातारीं माणसें तेथें संथ व्यायाम करीत असतात. कॅन्टनवर १९३८ च्या उन्हाळ्यांत जपानी विमानांनीं बाँबवर्षाव चालविला होता. पथक पुढें गेलें, आणि २१ ऑक्टोबरला हें शहर जपान्यांच्या हातीं पडलें. या सर्व प्रवासांत हें ध्यानांत ठेवावें, कीं डॉक्टर पुढें जात होते आणि मागचीं दारें एकामागून एक बंद होत होतीं.

कॅन्टन ते हॅन्को हा लोहमार्ग १९३६ सालीं पुरा झाला होता. पथक चांगशामार्गें सप्टेंबरअखेर हॅन्कोस आलें. हॅन्को हें आतां स्वतंत्र शहर राहिलेलें नाहीं. वूचांग, हानयांग आणि हॅन्को हीं तीन गांवें मिळून आजचें वुहान झालें आहे. उत्तरेकडून येणारी हान नदी येथें यांगत्से नदीला मिळते, आणि दोन पाण्यांनीं तिन्ही गांवें एकमेकांपासून तोडलीं आहेत. समुद्र कित्येक शें मैल दूर असतांही मोठ्या आगबोटी येथवर येत. चहाचा व्यापार एवढा, कीं त्यासाठीं रशियन व्यापारी येथें ठाणें देऊन राहिले होते आणि चहाच्या विटा पाडून आपल्या देशास धाडीत. यांगत्सेवरचा पूल झाला तो १९५७ मध्यें. तोंपर्यंत दक्षिणोत्तर प्रवासाला निघालेली आगगाडी येथें नदीपाशीं थांबे, आणि पुढचा प्रवास पैलतीरापासून सुरू होई.

वूचांगला आणखी एक मान आहे. १० ऑक्टोबर १९११ रोजीं येथल्या सैनिकांनीं उठाव केला आणि कांहीं महिन्यांत चीनची बादशाही संपली. योगायोग पाहा, त्या दिवशीं सोलापुरांत कोटणिसांचें हें बाळ नेमकें एक वर्षाचें झालें होतें! १९३७ च्या डिसेंबरांत नानकिंग पडल्यावर चिनी सरकारचीं बहुतेक सूत्रें हॅन्कोंतून हलत होतीं. जखमी सैनिकांनीं आणि निर्वासितांनीं शहर ओसंडून गेलें होतें. आमच्या डॉक्टरांना युद्ध म्हणजे काय तें येथें प्रथम जवळून दिसलें. तेही सुटले आणि ऑक्टोबर संपण्यापूर्वींच हॅन्को पडलें. आपल्या पिढीला वुहान आठवतें तें वेगळ्या कारणानें. २३ जानेवारी १९२० नव्हे, २०२०, या दिवशीं करोनाच्या सांथीमुळें हें सव्वा कोटीच्या आसपास वस्तीचें शहर कुलूपबंद झालें, तें ८ एप्रिलपर्यंत. एका शहराची ओळख एका रोगावरून व्हावी, हें त्या शहरावर अन्यायाचें आहे; म्हणून तें नांव मी येथें नदीवरून आणि चहावरून सांगत आहें.

हॅन्कोहून पश्चिमेकडे यीचांग. तेथून पुढें यांगत्से नदी डोंगर चिरून येते, आणि तिच्या त्या तीन घळींतून उलट्या प्रवाहानें वर चढल्याखेरीज चुंगकिंगला जाण्याचा सोपा मार्ग नव्हता. या घळींमुळेंच चुंगकिंग राजधानीसाठीं निवडली गेली. जपानी सैन्याला तो दरवाजा फोडतां आला नाहीं. आतां यीचांगजवळ प्रचंड धरण झालें आहे, पाणी कड्यांवर कितीतरी वर चढलें आहे, आणि त्यासाठीं बारा लाखांहून अधिक माणसांना घरें सोडावीं लागलीं. घळी अजून भव्य दिसतात. पण डॉक्टरांनीं पाहिलेली खळाळती नदी ती ही नव्हे.

चुंगकिंग, आजचें चोंगकिंग, हें मला सर्वांत आवडलेलें शहर. यांगत्से आणि ज्यालिंग या दोन नद्यांच्या बेचक्यांत एक खडकाळ सोंड आहे, तिच्यावर घरांवर घरें रचलेलीं. रस्त्यावरून एका इमारतींत शिरावें, बाहेर पडावें तों आपण बाराव्या मजल्यावर, आणि तेथेंही समोर रस्ताच! सायकल दिसत नाहीं, कारण चालवावी कोठें? एके ठिकाणीं तर आगगाडी राहत्या इमारतीच्या पोटांतून आरपार जाते. हें 'जगांतलें सर्वांत मोठें शहर' असें पुष्कळ ठिकाणीं छापलेलें आढळतें, त्याबद्दल मात्र थोडें सावध असावें. १९९७ पासून चोंगकिंग हा स्वतंत्र प्रांताच्या दर्जाचा मुलूख आहे. त्याची वस्ती तीन कोटींवर, पण क्षेत्रफळ सुमारें ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या आपल्या सबंध कोंकणाच्या अडीचपटींहून अधिक. त्यांत शेतें आहेत, डोंगर आहेत, खेडीं आहेत. खरें शहर त्या मानानें लहान, तरी मुंबईकरालाही दबकविण्याइतकें मोठें आहे.

तेथें एका खानावळींत उकळत्या तांबड्या रश्शांत भाजी बुडवून तोंडांत टाकली, आणि जीभ झिणझिणली. मिरचीचा तिखटपणा निराळा. ही झिणझिणी ओळखीची वाटली. रश्शांत तरंगणारीं तीं बारीक फुटलेलीं फळें पाहिलीं, आणि हंसूं आलें. बांगड्याच्या आमटींत आमच्याकडे तिरफळ घालतात, त्याच कुळांतलें हें झाड! जात वेगळी, कूळ एक. कुडाळच्या माणसाला चीनमध्यें नातेवाईक भेटला तो असा.

नोव्हेंबर १९३८ पासून पथकाचा मुक्काम येथें होता. हिंवाळ्यांत चुंगकिंगवर धुकें पडतें, आणि त्या दिवसांत लोक धुक्याला आशीर्वाद मानीत. कारण विमानांना शहर दिसत नसे. धुकें विरल्यावर ३ व ४ मे १९३९ रोजीं काय झालें, तें तेथल्या संग्रहालयांत पाहावें. दोन दिवसांत हजारों माणसें मारलीं गेलीं. आमचे डॉक्टर त्यापूर्वींच उत्तरेकडे गेले होते. जाण्यापूर्वीं दोन गोष्टी घडल्या. शांतिनिकेतनच्या चीन-भवनाचे प्रमुख तान युन-शान यांनीं पांचही डॉक्टरांच्या चिनी नांवांपुढें 'हुआ' हें अक्षर जोडून दिलें. 'हुआ' म्हणजे चीन. कोटणीस झाले 'के दीहुआ', आणि चिनी लोक त्यांना अद्याप याच नांवानें ओळखतात. दुसरी गोष्ट अशी, कीं निघण्याच्या सुमारासच वडील वारल्याची बातमी त्यांना कळली. घरीं परतण्यास त्यांना कोणीही दोष दिला नसता. ते परतले नाहींत.

उत्तरेच्या वाटेवर सियान लागतें. हें जुनें चांगआन, तांग बादशहांची राजधानी. सातव्या शतकांत ह्युएनत्संग येथून निघून हिंदुस्थानांत आला, कोंकणपुर नांवाच्या राज्यांतून गेला, तेथून महाराष्ट्रांत आला, आणि दुसऱ्या पुलकेशीच्या प्रजेविषयीं त्यानें लिहून ठेवलें, कीं हे लोक उपकार विसरत नाहींत आणि अपमान सोशीत नाहींत. तें कोंकणपुर नेमकें कोठलें यावर विद्वानांचें एकमत नाहीं. आम्हां कोंकणवासीयांचा मोह आंवरत नाहीं, एवढेंच. ६४५ सालीं तो परतला तेव्हां त्याच्याबरोबर ६५७ ग्रंथ होते. ते ठेवण्यासाठीं ६५२ मध्यें बांधलेला विटांचा मनोरा सियानमध्यें आजही उभा आहे. महाराष्ट्र पाहिलेल्या माणसानें आपलें उरलेलें आयुष्य जेथें भाषांतरांत घालविलें, त्या गांवीं तेराशें वर्षांनीं एक मराठी माणूस चालला होता. त्याला हें ठाऊक असेल काय, असा विचार तेथें माझ्या मनांत आला.

सियानचा तट चौदाव्या शतकाचा, मिंग राजवटींतला. घेर साडेतेरा किलोमीटरांहून अधिक, उंची सुमारें बारा मीटर, आणि वरचा रस्ता एवढा रुंद, कीं दोन मोटारी सहज शेजारून जाव्यात. सिंधुदुर्ग किल्ल्याची तटबंदी सुमारें तीन किलोमीटर भरते, यावरून अंदाज करावा. अर्थात् आमचा तट समुद्राच्या लाटा खात उभा आहे, हाही विचार करावा! मातीच्या सैनिकांची जगप्रसिद्ध सेना मात्र डॉक्टरांनीं पाहिली नाहीं. ती त्यांच्या पायांपासून कांहीं मैलांवर जमिनींत उभी होती. शेतकऱ्यांनीं विहीर खणतां खणतां ती उजेडांत आणली १९७४ मध्यें. मला त्या सेनेपेक्षां एक लहान गोष्ट अधिक आठवते. तटाजवळच्या एका दुकानांत चामड्याच्या रंगीत, कोरीव छायाबाहुल्या टांगल्या होत्या. या प्रांताचा तो जुना खेळ. कुडाळशेजारच्या पिंगुळींत ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा असाच खेळ दिव्याच्या उजेडांत पडद्यावर करतात. मी दुकानदाराला तें खुणांनीं सांगूं पाहिलें. त्याला वाटलें, मी भाव कमी करावयास सांगत आहें.

सियानहून उत्तरेस येनान. १२ फेब्रुवारी १९३९ रोजीं पथक तेथें पोंचलें. येथें शहर म्हणावें असें फारसें नव्हतेंच. विमानांनीं तें आधींच उद्ध्वस्त केलें होतें. लोक टेकड्यांच्या पोटांत राहत होते. हा मुलूख वाऱ्यानें वाहून आणलेल्या पिंवळ्या मातीचा. तिचे थर पुरुषच्या पुरुष जाड आहेत, आणि ती कोरली तरी ढांसळत नाहीं. आपण जांभा कापून चिरे काढतों आणि घर उभारतों; ते माती कोरून काढतात, आणि जें उरतें तें घर. उन्हाळ्यांत आंत गार, हिंवाळ्यांत ऊबदार, आणि वरून बाँब पडला तरी बऱ्याच अंशीं निर्धास्त. रुग्णालय गुहांत, शाळा गुहांत, कचेऱ्या गुहांत. माओ त्से-तुंग यांचा पक्ष १९३७ पासून दहा वर्षें येथून कारभार पाहत होता. आतां येनानला उंच इमारती आहेत, आणि भोंवतालच्या टेकड्यांवर सफरचंदांच्या बागा. गुहा दाखवावयास ठेवल्या आहेत. त्या फार स्वच्छ आहेत, आणि म्हणून तितक्या खऱ्या वाटत नाहींत.

येनानपुढें कोटणिसांच्या वाटेवरचीं शहरें संपतात. १९३९ च्या अखेरीस ते आघाडीकडे गेले, आणि उरलेलीं तीन वर्षें खेड्यांतून, डोंगरांतून, खेंचरांवर औषधें लादून फिरत राहिले. त्यांचे सोबती एकेक करून मायदेशीं परतले. कॅनडाचे डॉ. बेथ्यून शस्त्रक्रिया करतांना झालेल्या जखमेचें विष अंगांत भिनून नोव्हेंबर १९३९ मध्यें वारले होते. त्यांच्या नांवाच्या रुग्णालयाचे प्रमुख म्हणून जानेवारी १९४१ मध्यें कोटणिसांची नेमणूक झाली. तोंपर्यंत ते चिनी बोलूं लिहूं लागले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनीं परिचर्या शिकविणाऱ्या क्वो छिंग-लान यांच्याशीं विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्यें मुलगा झाला. त्याचें नांव 'यिनहुआ'. 'यिन' म्हणजे हिंदुस्थान, आणि 'हुआ' म्हणजे काय तें मघाशीं सांगितलेंच आहे. मुलगा साडेतीन महिन्यांचा असतांना, ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अपस्माराच्या झटक्यांनीं डॉक्टर वारले. वय बत्तीस. ज्या गांवीं ते वारले, तें हपै प्रांतांतलें एक खेडें आहे.

त्यांची समाधि मात्र आतां शहरांत आहे. शिज्याच्वांग हें तें शहर. यास राजवंश नाहीं, तट नाहीं, मनोरा नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं पेकिंग–हॅन्को लोहमार्ग येथून गेला, पश्चिमेकडे जाणारा फांटा येथें जोडला गेला, आणि शि आडनांवाच्या घराण्याच्या खेड्याचें जंक्शन झालें. आज तेंच हपै प्रांताचें मुख्य ठाणें आहे. प्रवासाचीं पुस्तकें याला दोन ओळींत उरकतात. कापडाच्या गिरण्या, धूर, सरळ रुंद रस्ते. सोलापूरच्या माणसाला यांत परकें वाटण्यासारखें थोडें आहे. येथील हुतात्मा उद्यानांत १९५३ सालीं कोटणिसांच्या अस्थि आणल्या गेल्या. बेथ्यून यांची समाधिही त्याच आवारांत आहे. मुलगा यिनहुआ वैद्यकीचें शिक्षण घेत असतां १९६७ मध्यें, ऐन तारुण्यांत, गेला. क्वो छिंग-लान पुढें अनेकदां हिंदुस्थानांत आल्या, सोलापूरच्या घरीं राहिल्या, आणि २०१२ सालीं वारल्या.

मी गेलों तो एप्रिलचा पहिला आठवडा होता. त्या दिवसांत चिनी लोक पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करतात. आपल्या पितृपक्षासारखाच कांहीं प्रकार. उद्यानाच्या दाराशीं शाळेच्या मुलांची रांग होती, प्रत्येकाच्या हातांत एक पांढरें फूल. पहारेकऱ्यानें माझ्याकडे पाहून विचारलें, "यिंदू?" मी मान डोलाविली आणि म्हटलें, "के दीहुआ." त्यानें मुलांना बाजूला व्हावयास सांगितलें, आणि हात लांब करून वाट दाखविली.